ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या कमानी

अमेरिकेंत उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे मोठ्या रस्त्यांवर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. पुढें पिकअप ट्रक आणि मागें जोडलेलें चाकांवरचें घर! बिछाने, शेगडी, पाण्याची टांकी असा सगळा संसार त्या ट्रेलरमध्यें भरून कुटुंब डोंगराच्या वाटेला लागतें. पुष्कळदां ट्रकची मागील बाजू खालीं बसलेली असते आणि नाक वर आलेलें असतें. रात्रीं त्याचे दिवे रस्त्याऐवजीं समोरून येणाराच्या डोळ्यांवर पडतात. मालकालाहि हें दिसतेंच. तो दुकान गांठतो आणि म्हणतो, 'शॉक-अब्झॉर्बर दमलेले दिसतात. चांगले दणकट बसवा.' नवे बसतात, खिसा हलका होतो, आणि ट्रेलर जोडतांच गाडी पुन्हां पूर्वीइतकीच बसते.

यांत दोष त्या मालकाचा थोडा आणि नांवाचा अधिक. शॉक-अब्झॉर्बर, म्हणजे मराठी मिस्त्र्यांच्या बोलींतला शॉकअप, हा नांवावरून धक्का शोषणारा ठरतो. पण तें काम मुळांत कमानीचें, म्हणजे आंसावर बांधलेल्या पोलादी पाट्यांचें आहे. लंडनच्या ओबडाया इलियटनें १८०४ सालीं घोडागाडीच्या लंबगोल कमानींचें पेटंट घेतलें. ओझें वाहणें व खड्डा गिळणें हीं दोन्ही कामें तेव्हांहि कमानीकडे होतीं व आजहि आहेत. मात्र कमानीला एक खोड आहे. एकदां दाबली कीं ती उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. ही उसळी आवरणें एवढेंच शॉकअपचें काम. तेलानें भरलेल्या नळींत बारीक छिद्रांचा दट्ट्या खालींवर होतो; तेल त्या छिद्रांतून रेटलें जातें आणि उसळीची शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. गाडी उभी असतांना दट्ट्या हलतच नाहीं. मग तो ओझें कसलें पेलणार?

आतां भाराचा हिशेब. ट्रेलर २,५०० किलो वजनाचा आहे असें धरावें. अशा ट्रेलरचा सुमारें १० ते १५ टक्के भार ट्रकच्या मागील जोडणीच्या गोळ्यावर पडावा लागतो. तो कमी पडला तर ट्रेलर वेगांत शेपटासारखा हेलकावूं लागतो, आणि हें हेलकावणें वाढलें कीं ट्रकलाहि आवरतां येत नाहीं. १२ टक्के धरले तर ३०० किलो झाले. ट्रकच्या दोन आंसांत अंतर ३.६ मीटर, आणि गोळा मागील आंसाच्या १.२ मीटर मागें. तरफेच्या नियमानें पुढच्या चाकांवरचा १०० किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकांवर ३०० नव्हे, तर ४०० किलो चढतात. बैलगाडींत मागें ओझें जास्त झालें म्हणजे जूं वर उचललें जातें. त्याला गाडी उलाळ झाली असें म्हणतात. पिकअपहि तशीच उलाळ होते. फरक इतकाच कीं, बैलगाडीचें उलाळ होणें गाडीवानाला जागच्या जागीं कळतें. पिकअपचें एखाद्या ओल्या वळणावर कळतें.

बसलेली बाजू वर करण्याचे उपाय बाजारांत पुष्कळ आहेत. कमानीला एखादा जादा पाटा जोडतां येतो. तो टिकाऊ व बिनतक्रार खरा. पण ट्रेलर घरीं ठेवून बाजाराला जातांनाहि तो ताठच राहतो, आणि मोकळी गाडी हाडें खिळखिळीं करते. दुसरा उपाय रबरी हवाफुग्यांचा. गाडीचा सांगाडा व आंस यांच्यामध्यें दोहों बाजूंस एकेक फुगा बसवावयाचा. ट्रेलर जोडला कीं हवा भरावी, सोडला कीं काढावी. फुगा अगदीं रिकामा मात्र करूं नये. कारखान्यानें सांगितलेला किमान दाब न ठेवल्यास रबर चुरगळून फाटतें. एरवीं मोकळी फिरणारी व महिन्यांतून दोनदां ट्रेलर ओढणारी गाडी असेल तर हा उपाय पाट्याहून खचित बरा.

पण खरा धोका येथेंच आहे. फुगा मागची बाजू उचलतो. पुढच्या चाकांवरून गेलेला भार परत आणीत नाहीं. ते १०० किलो गेले ते गेलेच. गाडी सपाट दिसते, मालक निश्चिंत होतो, आणि पुढचीं चाकें हलकींच राहतात. कोलोरॅडोंतील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारें ११,००० फुटांवर आहे. त्यांतून बाहेर पडतांच मैलोगणती उतार लागतो. गाडी वळविणारीं चाकें पुढचीं, ब्रेकचें मोठें कामहि पुढच्याच चाकांकडे. त्यांची रस्त्यावरची पकड कमी झालेली आणि मागून अडीच हजार किलोंचा रेटा. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक नीट नसतील तर मग विचारावयासच नको. बसलेली गाडी निदान आपलें दुखणें दाखवीत तरी होती!

भार परत आणणारें साधन निराळें. त्याला भार वांटणारी जोडणी म्हणतां येईल. तींतून दोन पोलादी दांडे निघून ट्रेलरच्या दांडीखालीं जातात आणि तेथें ताणून अडकविले जातात. एकचाकी ढकलगाडीच्या मुठी उचलल्या कीं पुढचें चाक जमिनींत रुततें. त्याच रीतीनें या ताणामुळें मागच्या आंसावरचा कांहीं भार पुढच्या चाकांकडे व कांहीं ट्रेलरच्या चाकांकडे जातो. किती भार परत आणावा हें गाडीच्या पुस्तिकेंत पाहावें; हौसेनें अधिक ताणूं नये. आधीं ही जोडणी, मग उरलेल्या उणिवेपुरते फुगे.

मग शॉकअपला कामच नाहीं काय? आहे, आणि चांगलेंच आहे. ओझें वाढलें, कमान ताठ झाली, म्हणजे पहिला शॉकअप उसळी आवरण्यास अपुरा पडतो. पुलाचा सांधा ओलांडल्यावर गाडीनें एकदां हलून थांबावें. त्याऐवजीं ट्रक व ट्रेलर आळीपाळीनें डुलतच राहिले तर शॉकअप बदलावे. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्यें खडबडीत रस्त्यावर तेल तापून त्यांत वायु मिसळतो, फेंस होतो, आणि फेंसांतून दट्ट्या सहज निसटतो. फ्रेंच संशोधक द कार्बों यांच्या एकेरी नळीच्या शॉकअपमध्यें दाबलेला नायट्रोजन तेलापासून निराळा कोंडलेला असतो. १९५७ सालीं जर्मनींतील बिल्स्टाईन कारखान्यानें असे शॉकअप मर्सिडीज-बेंझ मोटारींसाठीं मोठ्या प्रमाणावर तयार केले. यांत फेंस होत नाहीं व उष्णता लवकर बाहेर पडते. मात्र किंमत अधिक, आणि दगड लागून नळीला पोचा आला कीं दट्ट्या अडकतो. डांबरी रस्त्यानें वर्षांतून चार खेपा करणाराला चांगला दुहेरी नळीचा शॉकअप पुरेसा आहे. युटांतील खडीच्या वाटांवर ट्रेलर नेणारानें एकेरी नळीचा घ्यावा. खटका फिरवून सैल-ताठ करतां येणारेहि मिळतात. पण खटका फिरविण्याची आठवण राहणाराला!

यांतील कांहींहि विकत घेण्यापूर्वीं चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लेबल वाचावें. माणसें व सामान मिळून किती भार चालेल हा आकडा त्यावर असतो, आणि गोळ्यावरचे ३०० किलो त्यांतच धरावयाचे असतात. चार मोठीं माणसें आणखी ३०० किलो घेतात. पाटे, फुगे, शॉकअप कितीहि बसविले तरी तो आकडा तसूभरहि वाढत नाहीं. आंस, ब्रेक व टायर तेच राहतात. तेथील ट्रक-थांब्यांवर प्रत्येक आंसाचें वजन निराळें दाखविणारे कांटे असतात. तेथें तीन वजनें करावीं: एक नुसत्या ट्रकचें, दुसरें ट्रेलर जोडून पण दांडे सैल ठेवून, तिसरें दांडे ताणून. तिसऱ्या वेळीं पुढच्या आंसाचा आकडा पुस्तिकेंत सांगितल्याइतका परत आला, मागच्याचा मर्यादेंत राहिला, आणि तरीहि मागची बाजू दोन बोटें बसलेली दिसली, तर ती तशीच राहूं द्यावी.