शेवटची शिट्टी आणि परतीची गाडी

समोर बघतोय तर निम्म्या लोकांनी कुठल्या ना कुठल्या क्लबचा टी-शर्ट घातलाय. लिव्हरपूल आहे, आर्सेनल आहे, मागे एक बायर्न दिसतोय. मुंबई सिटीचा एकही नाही. ते असो.

विषय सरळ आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधून शनिवार-रविवार धरून युरोपात सामना बघायला जायचं, आणि तोही आपला संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळत असताना. तिकडे याला अवे ट्रिप म्हणतात. फौजेतली माझी बरीच वर्षं माणसं आणि सामान इकडून तिकडे हलवण्यात गेली. निवृत्तीनंतर नोएडाला राहायला आलो आणि कॉलनीतली पोरं 'काका, जरा आमचा प्लॅन बघा ना' म्हणत येऊ लागली. बहुतेक प्लॅनमध्ये एकच खोट असते. जायचं कसं यावर दहा पानं, परत यायचं कसं यावर एक ओळ.

मँचेस्टरचा माणूस शनिवारी सकाळी क्लबच्या बसमध्ये बसतो, सामना बघतो, रात्री घरी येऊन झोपतो. आपण साडेसहा-सात हजार किलोमीटरवर आहोत. दिल्लीतल्या लिव्हरपूलवाल्याला अॅनफिल्डसुद्धा परकं मैदानच. त्यामुळे आपला प्लॅन तिकिटापासून सुरू होत नाही, पासपोर्टपासून होतो. आणि पासपोर्टचं गणित अडकतं ते तारखेत.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसपर्यंत. आता फुटबॉलकडे या. चॅम्पियन्स लीगची बाद फेरी. फेब्रुवारीत सोडत निघते, मार्चमध्ये सामना, मध्ये दोन आठवडेसुद्धा नसतात. म्हणजे सोडत बघून अर्ज करणाऱ्याचा सामना अर्ज करायच्या आधीच हुकलेला असतो. शिवाय चॅम्पियन्स लीगचे सामने बहुतेक मंगळवारी-बुधवारी. विकेंड म्हणून निघणाऱ्याचा त्यांच्याशी फक्त फायनलपुरता संबंध, ती शनिवारी असते.

मग उरले लीगचे सामने. त्यांचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं आणि लोक खूश होऊन विमानाची तिकिटं काढतात. थांबा. जाहीर होतो तो आठवडा. सामना शुक्रवारी रात्री, शनिवारी दुपारी की रविवारी संध्याकाळी, हे टीव्हीवाल्यांच्या सोयीने नंतर, काही आठवडे आधी पक्कं होतं. शनिवार समजून रविवारी दुपारचं परतीचं विमान घेतलं आणि सामना रविवारी संध्याकाळी गेला, तर तुम्ही विमानतळावर बसून मोबाइलवर स्कोअर बघणार. त्यासाठी घरी बसलेलं काय वाईट? म्हणून आमच्याकडे नियम आहे: गुरुवारी रात्री निघायचं, सोमवारी तिकडून निघायचं, आणि ऑफिसातून शुक्रवार, सोमवार, मंगळवार अशी तीन दिवसांची रजा. तीन दिवस मिळत नसतील तर जाऊ नका, सरळ सांगतो.

एक अपवाद आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या फार कामाचा. हंगामाची शेवटची फेरी. विजेतेपद आणि घसरण दोन्हींचा फैसला असतो म्हणून त्या दिवशीचे सगळे सामने एकाच वेळी खेळवतात. जर्मनीत शनिवारी दुपारी साडेतीनला, इंग्लंडमध्ये रविवारी. त्या तारखेला टीव्हीवाले हात लावत नाहीत. ऑगस्टमध्ये ठरवा, मेमध्ये जा.

आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्चमध्ये देशांच्या संघांसाठी लीग थांबते. जर्मनीत नाताळातही थांबते, उलट इंग्लंडमध्ये २६ डिसेंबरला भर थंडीत खेळतात. कॅलेंडरवर या तारखांवर आधी काट मारा.

व्हिसाकडे परत येऊ, कारण इथे खरी मेख आहे. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. इंग्लंड त्यात नाही, आयर्लंडही नाही. त्यांचे व्हिसा वेगळे. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. कोणी म्हणतं अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिकडून घेऊ आणि जाऊ दुसरीकडेच. असलं करू नका. फी जून २०२४ पासून ९० युरो, म्हणजे आजच्या भावाने नऊ हजार रुपयांच्या आसपास, वर केंद्राचा आकार. नकार आला तर परत नाही. आरोग्य विमा किमान ३० हजार युरोंचा. दिल्लीकरांना शिवाजी स्टेडियम मेट्रो स्टेशनातलं व्हिसा केंद्र माहीत आहेच. तिथल्या रांगेत मला हनिमूनवाले, धंदेवाले, शिकायला निघालेली मुलं सगळे भेटले. सामन्यासाठी निघालेले आपल्या फायलीत सामन्याचं तिकीट सगळ्यात खाली लपवतात, जणू चोरीच आहे. अरे, वर ठेवा! तुम्ही का जाताय आणि का परत येणार, याचा तो कागद आहे.

एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एक चांगली सोय झाली. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाण्याचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. याचा अर्थ लक्षात घ्या. पहिल्या दोन ट्रिप बिनधोक तारखांच्या करा. शेवटची फेरी, किंवा आई-वडिलांना घेऊन साधं फिरायला जाणं. वेळेत जा, वेळेत परत या. तिसऱ्या वेळी फेब्रुवारीतली सोडत बघून मार्चमध्ये निघण्याची ताकद तुमच्या हातात येते. बावीस-तेविशीच्या पोरांना मी हेच सांगतो. आधी रस्ता बांधा, मग गाडी पळवा.

आता तिकीट. पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाची किंमत बांधलेली आहे. प्रीमियर लीगमध्ये २०१६ पासून ३० पौंड, चॅम्पियन्स लीगमध्ये २०२५-२६ ला ५० युरो. ऐकून बरं वाटतं, पण ती तिकिटं मोजकी. युएफाच्या स्पर्धांत स्टेडियमच्या पाच टक्के जागा पाहुण्यांना. त्या पाहुण्या क्लबकडे जातात आणि क्लब त्या वर्षानुवर्षं प्रत्येक मैदानावर जाणाऱ्यांना देतो. तुमचा-आमचा नंबर लागत नाही. मग पोरं काय करतात? घरच्या संघाच्या बाजूचं तिकीट इंटरनेटवरून कोणाकडून तरी घेतात.

आमच्या गटातला एक मुलगा, गुरुग्रामला नोकरी, पहिल्याच पगारवाढीचे पैसे साठवून असाच गेला. मला विचारून गेला नव्हता. इंग्लंडमधलं एक मैदान, नाव घेत नाही. टी-शर्ट जॅकेटच्या आत. विसाव्या मिनिटाला त्याच्या संघाने गोल केला आणि हा उठून ओरडला. दोन मिनिटांत स्वयंसेवकांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. कोणी मारलं नाही, उद्धटपणा केला नाही. नियम तसाच आहे. उरलेला सामना त्याने भिंतीच्या बाहेर उभं राहून ऐकला. दुसरा गोल कोणाचा झाला हे ओरड्याच्या जोरावरून ओळखलं म्हणे. त्याच्या आईला अजून खरं सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, इतकं काय? एक माणूस ओरडला तर काय बिघडलं? हा नियम कुठून येतो ते बघा. २९ मे १९८५, ब्रुसेल्सचं हायसेल स्टेडियम, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस, युरोपियन कपची फायनल. लिव्हरपूलच्या समर्थकांशेजारचा झेड नावाचा भाग तटस्थ बेल्जियन प्रेक्षकांसाठी राखलेला होता. कागदावर उत्तम योजना. पण त्यातली पुष्कळ तिकिटं दलालांमार्फत इटालियन चाहत्यांच्या हातात गेली. मध्ये एक तकलादू कुंपण. लिव्हरपूलकडचे लोक धावून आले, माणसं मागे सरकत भिंतीशी दाबली गेली, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली. इंग्लिश क्लबांना युरोपात पाच वर्षं बंदी झाली, लिव्हरपूलला सहा. धावून जाणारे दोषी होतेच, पडकं स्टेडियम निवडणारेही होते. पण माणूस ज्या स्टँडमध्ये असायला नको तिथे एका तिकिटाने पोचतो, ही त्यातली कडी मला विसरता येत नाही.

उलटं उदाहरणही आहे. १४ एप्रिल २०२२, बार्सिलोना विरुद्ध फ्रँकफर्ट. पाहुण्यांना जागा पाच हजार, आणि कॅम्प नोऊमध्ये फ्रँकफर्टचे सुमारे तीस हजार लोक, पांढऱ्या कपड्यांत. घरच्या मैदानावर बार्सिलोना पाहुणा वाटू लागला आणि ३-२ ने हरला. कोणाला इजा झाली नाही, म्हणून ती गंमत म्हणून सांगितली जाते. पण त्यानंतर क्लब तिकिटांच्या बाबतीत कडक झाले. इटलीत तर तिकिटावर नाव असतं, ओळखपत्राशी जुळवून आत सोडतात. इंग्लंडमध्ये क्लबच्या परवानगीशिवाय तिकीट विकणं १९९४ पासून गुन्हा आहे.

तर दोनच मार्ग. एक, आपल्या क्लबच्या अधिकृत समर्थक मंडळाचे सभासद व्हा, वर्षं मोजा, आणि मिळालं तर पाहुण्यांच्या स्टँडमधलं तिकीट घ्या. दोन, घरच्या बाजूला बसा, पण पाहुण्यासारखे बसा. रंग नाही, गाणं नाही, गोल झाला तर हात मांडीवर. जमेल? नव्वद मिनिटं जमेल? मला जमतं, कारण मी कोणाचाच नाही.

ज्यांना जमणार नाही त्यांना मी जर्मनीचा ऱ्हाइन-रूर भाग सुचवतो. डॉर्टमुंड, गेल्सनकिर्शेन, लेव्हरकुसेन, कोलोन, मोन्शेनग्लाडबाख ही सगळी गावं रेल्वेने तास-सव्वा तासात. ड्युसेलडॉर्फला किंवा कोलोनला मुक्काम टाका, शनिवारी एक सामना, रविवारी दुसरा. डॉर्टमुंडला ८१ हजारांचं स्टेडियम आहे, त्यातला दक्षिणेकडचा एकच स्टँड जवळजवळ पंचवीस हजार लोकांचा, उभं राहून बघायचा. कोणाचे समर्थक न होता एकदा ते बघून या. फक्त जर्मन रेल्वे म्हणजे घड्याळ, हा समज घरी ठेवा. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त उशिरा होत्या. लागते त्याच्या आधीची गाडी पकडा.

हॉटेलबद्दल फार बोलत नाही. स्टेडियमजवळ नको, स्टेशनजवळ हवं. संपलं.

आता परतीचं. इटली-स्पेनमध्ये रात्री पावणेनऊ-नऊला सुरू झालेला सामना अकराच्या आसपास संपतो. पाहुण्यांना गर्दी पांगेपर्यंत आतच थांबवून ठेवतात, अर्धा तास, कधी तासभर. मेट्रोची शेवटची गाडी तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून प्लॅन शेवटच्या शिट्टीपासून मागे लिहा. शिट्टी, अधिक एक तास, अधिक स्टेशनपर्यंतची चाल. ती वेळ शेवटच्या गाडीच्या पलीकडे जात असेल तर टॅक्सीचे पैसे आजच बाजूला काढा, किंवा पायी जाता येईल असं हॉटेल बघा.

पॅरिसमध्ये २८ मे २०२२ ला चॅम्पियन्स लीगची फायनल छत्तीस मिनिटं उशिरा सुरू झाली. आत जाण्याच्या रस्त्यावर लोक चेंगरले जायची वेळ आली, अश्रुधूर सोडला. आधी बोट समर्थकांकडे दाखवलं, पुढे स्वतंत्र चौकशीने मुख्य जबाबदारी युएफावर टाकली. त्या दिवशी एका रेल्वेमार्गावर संप होता, त्यामुळे लोंढा दुसऱ्या स्टेशनवर उतरला आणि तिथून येणारी वाट अरुंद होती. एक लाइन बंद, एवढंच. आपण दिल्लीकर राजीव चौकात रोज जगतो, आपल्याला हे समजायला हवं. स्टेडियमला जायचे दोन रस्ते माहीत असले पाहिजेत, आणि गर्दी पुढे हलत नसेल तर सामना सोडून मागे फिरायची तयारी.

मराठी माणसाला हे सांगताना पानिपत आठवणारच. इथून नव्वद किलोमीटर, आपल्या एनसीआरमध्येच. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांनी उत्तरेला जाऊन कुंजपुरा जिंकला. तोवर अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि मराठ्यांच्या पाठीमागे दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला. लष्कराबरोबर बायका-मुलं, यात्रेकरू. परतीची वाट बंद झाल्यावर अडीच महिन्यांत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. फुटबॉलच्या ट्रिपला ही तुलना जड आहे, कबूल. पण लढाई कशी जिंकायची याआधी रसद कुठून येणार आणि निघायचं कुठून हे विचारायची सवय मला तिथे उभं राहून लागली.

दिल्लीच्या दोन खास गोष्टी. युरोपची बरीच विमानं इथून रात्री एक ते तीनच्या दरम्यान सुटतात. म्हणजे गुरुवारी रात्री निघायचं तर तिकिटावर तारीख शुक्रवारची. सुशिक्षित माणसं एक दिवस उशिरा विमानतळावर आलेली मी पाहिली आहेत. दुसरं, डिसेंबर-जानेवारीतलं धुकं. त्या दिवसांत मध्ये विमान बदलायचं असेल तर तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांची पश्चिमेची उड्डाणं लांबली, तेही वेळेत धरा. आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय, रांग लांबते.

शेवटी गटाचं. स्टेडियमबाहेर ऐंशी हजार लोक एकदम फोन लावतात, तेव्हा नेटवर्क बसतं. भेटायची जागा आत जाण्याआधी ठरवा, आणि ती 'गेटपाशी' अशी नको. अमुक दिव्याचा खांब, अमुक पुतळा. शिट्टीनंतर किती वेळ थांबायचं तेही ठरवा, त्यानंतर प्रत्येकाने आपापलं हॉटेल गाठायचं. प्रत्येकाच्या खिशात एक कागद असावा, मोबाइलमध्ये नव्हे, कागद. हॉटेलचा पत्ता, सगळ्यांचे नंबर, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा तातडीचा नंबर आणि पासपोर्टची झेरॉक्स. रविवारी रात्री पासपोर्ट हरवला तर दूतावासाचं ऑफिस सोमवारी उघडतं, आणि तुमचं विमानही सोमवारीच आहे. त्यासाठीही ती मंगळवारची रजा.