हलक्या छपराचे तिरपे बंध
(ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



प्रार्थनागृहावर नवे लोखंडी छप्पर घालण्याचे ठरले आहे, हे आपणांस विदित आहेच. खर्चाचा तक्ता वाचताना कित्येकांनी तिरप्या सळयांच्या रकमेवर बोट ठेविले व तो पैसा रंगकामास द्यावा, असे सुचविले. ती रक्कम आम्ही का वगळू देत नाही, एवढेच आज निवेदन करितो.

शहापूर-मुरबाडकडील जुनी घरे कौलारू. कौलांचे ओझेच छपरास दाबून धरी. पत्रा दर चौरस मीटरास जेमतेम 5 किलो भरतो. मुंबईसाठी भारतीय मानकात सांगितलेला 44 मीटर प्रतिसेकंद हा वेग धरिल्यास तितक्याच जागेवर वाऱ्याचा दाब सुमारे 118 किलो होतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने रायगडात किती घरे उघडी पाडिली, हे आपण ऐकिलेच आहे.

कैची उभा भार उत्तम पेलते; बाजूच्या धक्क्यास मात्र ती दुबळी. पर्लिनांनी कैच्या एकमेकींस जोडिल्या तरी फळीवरील पुस्तकांप्रमाणे त्या साऱ्या एकदम कलू शकतात. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. यास्तव दोन्ही टोकांच्या गाळ्यांत छपराच्या उताराबरोबर फुलीचे बंध हवेत, आणि त्यांचा जोर जमिनीत उतरावा म्हणून त्याच गाळ्यांत खांबांमध्येही. (संत योसेफासारख्या सुतारास हे सांगावे लागले नसते.)

फुली सळईची की अँगलची? सळई ओढ सोसते, दाब सोसत नाही. म्हणून एका दिशेच्या वाऱ्यास एक व उलट वाऱ्यास दुसरी, अशा दोन लागतात. अँगल थोडा दाबही घेतो, परंतु लांब गाळ्यात तो वाकू नये म्हणून जड घ्यावा लागतो. आमच्या लहानशा इमारतीस सळईच योग्य. मात्र टर्नबकलाने आवळलेली. लोंबणारी सळई असून नसल्यासारखीच.

सर्वांत उपेक्षित गोष्ट खालच्या पट्टीची. एरवी ती ताणात असते. वारा छप्पर वर खेचू लागला की तीच दाबात येऊन बाजूस वाकते. म्हणून तिलाही लांबीच्या दिशेने अँगलचे बंध देऊन ते टोकांच्या फुल्यांशी जोडावेत. सळयांची जाडी अभियंत्याने ठरवावी. तो आमचा प्रांत नव्हे.

फुल्या बसून आवळल्याखेरीज पत्रा चढवावयाचा नाही, असे समितीने कंत्राटदारास लेखी कळवावे.