जोडीदाराबरोबर ऑस्ट्रेलियात राहायला जाताना

तुमचा जोडीदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर भारतातून ३०९ आणि १०० या दोन व्हिसांसाठी एकत्रच अर्ज करायचा असतो. आधी तात्पुरता व्हिसा मिळतो. कायमच्या व्हिसाचा विचार साधारणपणे अर्जानंतर २ वर्षांनी होतो. नुसत्या लग्नाच्या दाखल्यावर भागत नाही. पैशांचे व्यवहार, घरातल्या जबाबदाऱ्या, चारचौघांत जोडपं म्हणून असलेली ओळख आणि परस्परांशी बांधिलकी, अशा ४ बाजू तपासतात. म्हणून संयुक्त खात्याचे उतारे, भाडेकरार, एकत्र प्रवासाची तिकिटं तारीखवार लावून ठेवा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. अर्जाचं शुल्क भरमसाट आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते सहसा परत मिळत नाही. तेव्हा सगळे कागद तपासूनच पैसे भरा.