गोळी गेली कुठे?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आज लांबची गोष्ट सांगतो, पण ऐकताना जवळची वाटेल. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात ओसेज नावाचे आदिवासी आहेत. हुसकून हुसकून शेवटी ते खडकाळ मुलखात आले. तिथे जमिनीखाली तेल निघालं. १९०६ च्या कायद्याने वरची जमीन माणशी वाटली गेली, पण खालचं तेल ओसेजांनी सामाईक राखलं. यादीत २,२२९ नावं, प्रत्येकाचा एक वाटा. हा वाटा वारसानेच मिळायचा. मग बाहेरचे लोक ओसेज घरांत लग्नं करून शिरले, आणि माणसं मरू लागली.

मे १९२१ मध्ये अ‍ॅना ब्राऊन ह्या बाईचं प्रेत फेअरफॅक्स गावाजवळच्या घळीत सापडलं. डोक्यात मागून गोळी घातलेली. दोन डॉक्टरांनी तिथेच कवटी उघडली. म्हणाले, गोळी नाही. पण गोळी बाहेर पडल्याचं भोकही नव्हतं! मग गेली कुठे? गोळीच नाही, तर बंदूक कुणाची हे कसं ठरवणार?

जून १९२३ मध्ये जॉर्ज बिगहार्ट हा ओसेज माणूस इस्पितळात मरणाला टेकला. विषाचा संशय होता. त्याने व्हॉन नावाच्या वकिलाला बोलावून घेतलं. भेट झाली, वकील रात्रीच्या रेल्वेने घरी निघाला. पुढे रुळाकडेला त्याचं प्रेत मिळालं. जवळचे कागद गायब. घरच्यांना सांगून ठेवलेल्या जागेतले पुरावेही गायब.

अ‍ॅनाच्या खुन्यांना काही वर्षांनी शिक्षा झाली, ती त्यांच्यातल्याच माणसांनी तोंड उघडलं म्हणून. व्हॉनच्या खुनाबद्दल कुणालाच नाही. कित्येक मरणं तर ‘आजार’, ‘दारू’ अशी लिहून मिटवली.

गोळी कुणी लपवली, हे सिद्ध झालं नाही. पण डॉक्टर, चौकशी, ओसेजांच्या पैशावर नेमलेले पालक, सगळं बाहेरच्यांच्याच हातात होतं, हे खरं.

म्हणून ध्यानात ठेवा. प्रेत सापडलं तर हलवू नका, राखण बसवा. पंचनाम्याला गावातलेच पंच लागतात, तुम्ही उभे राहा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका. काठी, कपडा, काडतूस, जे उचललं ते लिहिलं का, समोर सील केलं का, बघा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, मागून घ्या. कागद एकाच घरात ठेवू नका.

जमिनीसाठी माणूस मारतात, आणि मग पुरावाही मारतात. माणूस परत येत नाही. पुरावा राखणं मात्र आपल्या हातात आहे.

जोहार!