नावांच्या नोंदवहीतील इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांचा शाळेतील प्रत्येक दिवस हजेरीने सुरू होत असे. म्हणून आज मुलग्यांच्या नावांविषयी बोलावे असे मी ठरविले. बुऱ्हाणपुराला हा विषय शोभणाराही आहे. कारण या शहराला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे आणि तापीपलीकडील जैनाबादला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे नाव मिळालेले आहे.

मराठी घरांत फार काळ आजोबांचे नाव नातवाला ठेवीत. पेशव्यांच्या घराण्यात बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव झाला. विसाव्या शतकात कुळाबाहेरची माणसे पाळण्यापर्यंत पोहोचली. रवींद्र, सुभाष, जवाहर ही नावे घरोघरी आली. कवी रमेश तेंडुलकरांनी १९७३ साली जन्मलेल्या मुलाला संगीतकार सचिन देव बर्मन यांचे नाव दिले आणि पुढे त्या मुलाच्या कीर्तीने अनेक घरांत सचिन जन्मले. आता आरव, विहान यांचा काळ आहे.

परंतु मला सर्वांत बोलकी वाटतात ती आज मागे पडलेली नावे: दगडू, धोंडू, केरू, भिकू, नथू. लागोपाठ मुले दगावली, की पुढच्या मुलावर काळाची नजर पडू नये म्हणून त्याला दगड किंवा केर म्हणत. भिकू म्हणजे देवाकडे भीक मागून मिळालेला. नथूच्या नाकात नथ घालून तो मुलगी असल्याचे भासवीत. या नावांना आपण हसतो. पण अशा नावामागे पुष्कळदा हजेरीपर्यंत न पोहोचलेली भावंडे उभी असतात.

१९७१ साली भारतात दर हजार जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. देवीच्या रोगाचे १९७५ साली देशातून उच्चाटन झाले. आईची भीती ओसरली, तसा दगडूही ओसरला. मात्र त्याच २०२० साली मध्य प्रदेशाचा आकडा ४३ होता. भीतीची नावे गेली, भीती अजून पुरती गेलेली नाही.

मराठी रीतीप्रमाणे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव येते. ‘सुभाष धोंडू’ एवढ्या दोन शब्दांत एका पिढीची धास्ती आणि दुसरीची आकांक्षा शेजारी बसते. म्हणून शाळांच्या जुन्या प्रवेश-नोंदवह्या वाळवीच्या स्वाधीन करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जे जगले त्यांच्या नावांत, जे जगले नाहीत त्यांची एवढीच खूण उरली आहे.