सगळ्यांचे चेहरे दिसू द्या

मारेगाव तालुक्यातल्या बचत गटाच्या आम्ही बाया आज फोटोबद्दल बोलणार आहोत. हसू नका, फोटो आता हौसेपुरता राहिला नाही. गटाच्या बैठकीचा फोटो लागतो, प्रशिक्षणाचा लागतो. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर तर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा ॲपवर टाकणं सक्तीचं झालं. म्हणजे फोटो हीच हजेरी. मागच्या रांगेतल्या बाईचा चेहरा पुसट आला, तर ती कामावर होती हे कशावरून सांगायचं?

चेहरा पुसट का येतो? कॅमेरा एका वेळी एकच अंतर नेमकं धरतो. त्याच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही स्पष्ट येतं. फोन जवळ असला की ही जागा कमी होते, लांब नेला की वाढते. म्हणून फोटो काढणारीनं पाच-सहा पावलं मागं सरावं.

वीस जणी असतील तर एकच लांब ओळ नको, कडेच्या चेहऱ्यांना ताण येतो. काही जणी पुढं बसा, उंच बाया मागं उभ्या राहा, आणि दोन्ही रांगा अगदी लागून ठेवा. मग पुढच्या रांगेतल्या मधल्या बाईच्या चेहऱ्यावर स्क्रीनवर बोट टेकवा. तीन रांगा असल्या तर मधल्या रांगेवर. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो मागचं मुद्दाम धूसर करतो, मग मागची बाईही त्यात जाते.

अंधाऱ्या खोलीत फोनला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात कुणी हललं की चेहरा फिसकटतो. त्यापेक्षा अंगणात या. भर दुपारी पदराची सावली तोंडावर पडते, तेव्हा सगळ्याच जणी झाडाच्या सावलीत उभ्या राहा. आधी फोनची काच सुती कपड्यानं पुसा.

तीन फोटो काढा. मोठा करून एकेक चेहरा पाहा. वहीत सह्या जितक्या, फोटोत चेहरे तितके हवेत.

आणि मागं कोण उभं असतं? म्हाताऱ्या, नव्या सुना, पोडावरच्या बाया. अध्यक्ष-सचिव नेहमी मधोमध. दर बैठकीला रांग बदला. फोटो काढणारी राहून जाते, तिच्यासाठी टायमर लावा. बचत सगळ्यांची सारखी, तर चेहराही सगळ्यांचा सारखाच दिसला पाहिजे.

पुढच्या बैठकीत करून बघा.