पथ्य, प्रथिनं आणि यकृताचा कर्करोग

खाण्यावर कडक बंधनं घातली, तर यकृताचा कर्करोग टळतो का? या प्रश्नाचा एक धागा १९६८ सालच्या हैदराबादला जातो.

तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. माधवन आणि डॉ. सी. गोपालन यांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिलं. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात तयार होणारं हे विष. काहींच्या आहारात केसीन हे दुधातलं प्रथिन २० टक्के होतं, काहींच्या फक्त ५ टक्के. भरपूर प्रथिनं खाणाऱ्या अनेकांच्या यकृतात गाठी झाल्या. ५ टक्केवाल्यांना झाल्या नाहीत. पुढे अमेरिकेत कॉलिन कॅम्पबेल यांनी हाच माग धरला. या विषाला घातक रूप देणारी यकृतातली विकरंच प्रथिनांअभावी मंदावतात, असं दिसलं.

मग डाळ-अंडी बंद? थांबा. कमी प्रथिनांवरच्या उंदरांच्या यकृताला हेच विष लवकर आणि जास्त इजा करतं, हेही हैदराबादच्या त्याच प्रयोगशाळेने दाखवलं होतं. गाठ नाही, पण उंदीरही नाही!

माणसांतही प्रथिनं तोडणं महागात पडतं. सिरॉसिसमध्ये यकृत व्रणांनी कडक होत जातं आणि कर्करोगाचा धोका वाढतो; आपल्याकडे अशा रुग्णाचं वरण, पनीर, अंडी अनेकदा घरचेच तोडतात. त्याने स्नायू झिजतात, मग कर्करोग झालाच तर त्याचे उपचार सोसत नाहीत. आजचे वैद्यकीय निकष अशा रुग्णांना साधारणपणे वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणं सुचवतात. लांबलचक उपास नकोत. दारू मात्र पूर्ण बंद. आणि बुरशी लागलेले, काळपट शेंगदाणे सरळ फेकून द्या. भाजल्याने अफ्लाटॉक्सिन पूर्णपणे जात नाही.